खालच्या बाजूचा रेझिस्टर

हरिश्चंद्र,

तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असे मला सांगण्यात आले आहे. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, मागे राहिलेली माणसे हे सगळे शोकसभेत वक्त्यांनी सांगून झाले. त्यातले निम्मे चुकीचे होते. तो वाद मी तिथे काढला नाही. मला तुझ्यावर लिहायचे नाही, तुझ्याशी बोलायचे आहे. गेल्या महिन्यात तू गेलास त्या दिवशी मी गव्हाणला तुझ्या ओटीवर बसून होतो. तेव्हा माझ्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते. आता आहे, आणि ते गोड नाही.

तू माझा विश्वासघात केलास. हा शब्द मी तोलून वापरतो आहे.

वाचणाऱ्या इतरांसाठी आपला धंदा काय होता ते सांगणे भाग आहे. पनवेलला तळ्याच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत आपण फिल्टर करत होतो. "चहाचे नाय, पाण्याचे पण नाय," असे तू प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचास आणि स्वतःच हसायचास. विजेच्या संकेतातले नको ते गाळायचे आणि हवे ते पुढे सोडायचे, असे ते फिल्टर. तळोज्याच्या रसायन कारखान्यांतले पंप हे आपले मुख्य गिऱ्हाईक. पंपाच्या बेअरिंगवर एक संवेदक बसवतात. बेअरिंग जितके थरथरेल तितका त्यातून बारीकसा संकेत येतो. त्या संकेतात भोवतालचा सगळा गोंगाट मिसळलेला असतो. आपले कार्ड, म्हणजे फिल्टर बसवलेली सर्किटची पट्टी, तो गाळून बेअरिंगची थरथर तेवढी मोजायचे, आणि ती मर्यादेबाहेर गेली की घंटा वाजवायचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रा आणून आपण त्याची पेटी करून घेत असू. पेटीवर तुझे नाव नसे, माझेही नसे.

कार्डाच्या पोटात असायचा दुसऱ्या क्रमाचा फिल्टर. दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर आणि संकेत वाढवणारा एक ऑप-अँप. एवढ्याशा संसारात ठरवण्याच्या गोष्टी दोनच. कोणत्या वेगाच्या थरथरीपासून पुढचे कापायचे, हे एक. आणि कापताना फिल्टरला किती नादू द्यायचे, हे दुसरे. पातेल्याला टिचकी मारली की ते नादते. हाताने धरून मारली की नादत नाही. धरण्याच्या त्या घट्ट-सैल मात्रेला आपल्या धंद्यात क्यू म्हणतात: सैल धरले की क्यू जास्त, घट्ट धरले की कमी. पहिल्या गोष्टीवर आपले कधी भांडण झाले नाही. दुसरीवर ते कधी थांबले नाही.

माझे मत असे की क्यू सात-दशांशाजवळ ठेवावा. मग फिल्टरचा माथा शेवटपर्यंत सपाट राहतो, टोकाजवळची क्षीण थरथरही तो खाऊन टाकत नाही. तुझे मत, तो सहा-दशांशाच्याही खाली उतरवावा.

"मास्तर, तुमचा फिल्टर धक्का बसला की उडी मारतो. पंप चालू करताना ओरडणार."

"ओरडू दे. तुझा फिल्टर टोकाला पेंगतो. बेअरिंगची पहिली तक्रार तिथेच असते."

"तक्रार ऐकायला माणूस तर पायजे! रोज सकाळी खोटी घंटा वाजली तर ऑपरेटर घंटेची वायर काढून खिशात घालील."

"तो प्रश्न शिस्तीचा आहे. फिल्टरचा नव्हे."

"तुमी कारखान्यात शिस्त शिकवा, मी तंवर फिल्टर करतो."

तू मला मास्तर म्हणायचास. मी आयुष्यात कधी शाळेत शिकवले नाही. ठाण्याच्या कारखान्यात आपण एका टेबलावर काम करत असताना मी तुझ्या आकडेमोडीखाली लाल रेघ मारली होती, तेव्हापासून ते नाव मला चिकटले. नोकरी सोडून आपण पनवेलला आलो, ते नाव बरोबर आले.

आपल्या दोन खोल्यांत एकच नियम होता, आणि तो तूच घातला होतास. एकाने केलेला फिल्टर दुसऱ्याने मोडायचा. मोडल्याशिवाय कार्ड दाराबाहेर पाठवायचे नाही. मोडणे म्हणजे हातोडा घालणे नव्हे. त्यात चूक शोधायची. आणि असलीच पाहिजे, या श्रद्धेने शोधायची. कार्ड तापवून बघायचे, किटलीच्या वाफेवर धरायचे, संकेत एकाएकी तोडायचा, एकाएकी जोडायचा. तापवायला तू घरचे केस वाळवण्याचे यंत्र आणून ठेवले होतेस. दारावरून जाणारे लोक विचारायचे, "आज कुणाचे केस वाळवताय?" तू माझ्या टकलाकडे बोट दाखवायचास.

दोष सापडला की शोधणाऱ्याने मोठ्याने "मोडलं" म्हणायचे. ज्याचा फिल्टर मोडला, त्याने चहा करायचा. त्या चहाला माझा हात बरा होता, कारण सरावाला तोटा नव्हता. पहिली कित्येक वर्षे आपण जवळजवळ आलटून पालटून चहा केला. माझ्या आयुष्यात इतके प्रामाणिक दुसरे काही झाले नाही. ज्याने माझ्या कामात इतक्या निष्ठेने चुका शोधल्या, त्याच्यावर मी डोळे मिटून विसंबलो. विसंबण्याचे दुसरे कारण मला ठाऊक नाही.

मग माझी पत्नी गेली. त्या आजारपणात दुकान तू एकट्याने चालवलेस, दवाखान्यात डबा पाठवलास, आणि त्याविषयी एक शब्द बोलला नाहीस. हे ऋण माझ्यावर आहे. ते इथे लिहितो, कारण पुढे जे लिहायचे आहे त्याने हे पुसले जाऊ नये.

मी कामावर परतलो त्या सुमारास तळोज्याच्या एका कारखान्याचे मोठे काम आपल्याकडे आले. फिल्टर मी आखला. माझ्या मताप्रमाणे, सपाट माथ्याचा. तो मोडायला तुझ्याकडे आला. तू त्याच्याशी बराच वेळ खटपट केलीस, केस वाळवण्याचे ते यंत्र बंद केलेस, आणि म्हणालास, "तुमचं खरं, मास्तर."

मी विचारले, "काय खरं?"

"क्यूचं. सपाटच बरा. राहू द्या."

हे शब्द मी तुझ्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते. मी वर पाहिले नाही. पण मला बरे वाटले, हे नाकारत नाही. घर रिकामे झालेल्या माणसाला एका जागी तरी आपले बरोबर ठरले, इतके ते होते.

कार्डे गेली. कारखान्यातून एकही तक्रार आली नाही. पंप सुरू होताना घंटा वाजत नव्हती. त्यानंतर जो भेटेल त्याला मी हे उदाहरण देत राहिलो. सपाट माथ्याचा फिल्टर धक्क्याला उडी मारतो असे म्हणणाऱ्यांनी तळोज्याला जाऊन पाहावे, असे मी सांगत असे. तुझ्यासमोर सांगत असे. तू कपबशा विसळत ऐकत असायचास. कारण चहा आता नेहमी तूच करायचास. माझे फिल्टर मोडेनासे झाले होते, आणि तुझे मोडत होते. म्हातारपणी माणसाची कला पिकते, अशी माझी समजूत झाली.

तू गेल्यानंतर त्या कारखान्याचे देसाई, जे तिथली मापयंत्रे सांभाळतात, त्यांनी मला बोलावले. आम्लाच्या वाफेने एका कार्डाचा जोड खाल्ला होता. मी पेटी उघडली, कार्ड बाहेर काढले आणि जोड बघायला उलटे केले. खालच्या बाजूला, जिथे फक्त सोल्डरचे डाग असायला हवेत, तिथे एक रेझिस्टर होता. माझ्या आराखड्यातला नव्हे. तो माझ्या एका रेझिस्टरला समांतर जोडलेला होता. नेमका तो, ज्याच्यावर क्यू ठरतो. रेझिस्टरचे दोन्ही पाय एकमेकांकडे मुडपलेले होते. पनवेलमध्ये तसे पाय एकच माणूस मुडपत होता.

मी उभ्या उभ्या हिशेब केला. त्या समांतर रेझिस्टरमुळे क्यू सहा-दशांशाच्या खाली उतरत होता. फिल्टर माझा राहिलाच नव्हता. क्यूबरोबर संकेताची पातळीही घटते, पण पातळी शेवटी तूच जुळवायचास, म्हणून तेही मला कळले नाही.

"देसाई, दुसरे कार्ड काढा."

दुसऱ्यातही होता. तिसऱ्यातही.

"हे कधी लावले?"

देसाई माणूस सरळ आहे. ते घुटमळले. "साहेब, पहिल्याच महिन्यात. पंप चालू केला की सगळा विभाग घंटांनी दणाणायचा. हरिभाऊंना फोन केला. ते स्कूटरवरून आले, इथेच बसून एकेक कार्ड बदललं. पुढची कार्डं तिकडूनच बदलून यायला लागली."

"मला का सांगितले नाही?"

"ते म्हणाले, मास्तरांपर्यंत नको. त्यांना सांगितलं तर मी परत येणार नाही." मग ते थोडे हसले. "आम्हाला काय साहेब, घंटा थांबल्याशी कारण."

मी तो खाल्लेला जोड नीट केला, पेटी बंद केली आणि पायऱ्या उतरलो.

तिथून मी तडक गव्हाणला गेलो. सुमनवहिनी अंगणात सुकट निवडत होत्या. त्यांनी मला पाणी दिले. मी पाणी बाजूला ठेवले आणि विचारले.

"मला माहीत हाय, भावोजी," त्या म्हणाल्या. "तुमचं घरचं माणूस गेलं ना, तवा ते एकदा जेवताना बोलले. म्हणाले, मास्तर लय एकटा पडला. आता त्याच्याशी भांडाचं नाय."

"हे त्याने कशाच्या आधारावर ठरवले?"

"आधार कसला? मलाच वाटलं, बरं झालं. तुमचं भांडण ऐकून माणसं म्हणाची, आज दुकान फुटतंय."

"वहिनी, ते भांडण नव्हते."

"मग काय होतं?"

मी बाजूला ठेवलेले पाणी उचलून प्यायलो. त्या पुन्हा सुकट निवडू लागल्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "घरी येऊन रागवाचे मात्र. उगाच ताट सरकवाचे. मी बोलाची, जाऊन बोला ना त्यांना. तर बोलाचे, आता नाय बोलता येत. लय दिवस झाले."

हरिश्चंद्र, ते भांडण काय होते ते तुला ठाऊक होते. मी पत्नी गमावली होती. बुद्धी गमावली नव्हती. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले होते, माझ्या म्हणण्याला मान डोलवू लागले होते. मी ते सोसत होतो, कारण एक जागा अशी होती की जिथे मला कुणी मान डोलवणार नाही. ती जागा तू काढून घेतलीस, आणि काढून घेतल्याचे कळूही दिले नाहीस. तू मला जिंकू दिलेस. लहान मुलाला पत्त्यांत जिंकू देतात तसे. मी दया मागितली नव्हती. मागितली असती तर ती तुझ्याकडे मागितली नसती.

शेवटी मी कारखान्यात परत जाऊन एक गोष्ट केली, जी तुझ्या हयातीत आपण दोघांनी करायला हवी होती. राखीव पंपाच्या कार्डावरचा तुझा रेझिस्टर काढला, आणि देसाईंना तो पंप सुरू करायला सांगितला. घंटा वाजली. थांबवून पुन्हा सुरू केला. पुन्हा वाजली.

"साहेब, लावा तो परत," देसाई कानावर हात ठेवून ओरडले.

तू बरोबर होतास. त्या पंपांपुरता, तू पहिल्यापासून बरोबर होतास. हे मला तुझ्याकडून ऐकायचे होते, मोठ्याने, त्या एका शब्दात. मी आणखी भांडलो असतो, कदाचित आठवडाभर. मग उठून चहा केला असता. हरण्याचा माझा हक्क होता. तो हिरावून तू मला काय दिलेस? एक उदाहरण, जे मी गावभर मिरवले आणि जे तू आतून पोखरून ठेवले होतेस.

रेझिस्टर मी परत लावला. वरच्या बाजूने लावला, उघडा, पेटी उघडणाऱ्या कुणालाही दिसेल असा. सगळ्या कार्डांवर तसे करून देईन असे देसाईंना सांगितले आहे. ते म्हणाले, गरज नाही. मी म्हणालो, तुम्हाला नसेल.

आता तुझ्या शेवटच्या फिल्टरविषयी.

गेली काही वर्षे तुला संगणकाने पछाडले होते. तुझे म्हणणे, रेझिस्टर-कपॅसिटर संपले. आता संकेताचे आकडे करायचे आणि चिपमध्ये आकड्यांनीच गाळायचे. दुसऱ्या क्रमाचा तोच फिल्टर, पण वस्तूंच्या जागी पाच आकडे. मी त्याला पोथीतला स्वयंपाक म्हणत असे. तरी तू मला ते शिकवलेस, आणि चांगले शिकवलेस. फिल्टर स्थिर कधी राहतो हे सांगायला तू कागदावर वर्तुळ काढलेस आणि म्हणालास, "मास्तर, ही आमची खाडी समजा. होडी आत असली तर डुलून डुलून थांबते. काठाजवळ गेली तर लय वेळ डुलते. काठाबाहेर गेली तर गेली, मग नाव घ्यायचं नाय." कोणत्याही पुस्तकात मला ते इतके स्वच्छ कळले नव्हते. याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. ते आता मानतो.

तुझे हे नवे फिल्टर मी मोडत असे. त्यात मला चुका सापडत. एखाद्या आकड्याचे चिन्ह उलटे, एखादा गुणक दुसऱ्याच्या जागी. मी "मोडलं" म्हणायचो, तू कपाळावर हात मारून किटली ठेवायचास. तो रेझिस्टर पाहिल्यापासून मला एक प्रश्न छळतो आहे. त्या चुका खऱ्या होत्या का? तुझ्यासारखा माणूस चिन्हात चुकतो? की त्याही तू माझ्यासाठी पेरून ठेवत होतास? याचे उत्तर तुझ्याबरोबर गेले. त्या वर्षांतला चहाचा एकेक घोट मला आता संशयास्पद झाला आहे. तू काय केलेस ते बघ.

तुझे शेवटचे कार्ड मोडायच्या ट्रेमध्ये पडून होते. त्याच कारखान्यासाठी, पंपांच्या नव्या विभागासाठी. तू ते तिथे ठेवून घरी गेलास आणि परत आला नाहीस. देसाईंना ते हवे होते. मी म्हणालो, नियम आहे.

मी ते तापवले. वाफेवर धरले. धक्के दिले. सगळ्यांत ते तुझ्याप्रमाणेच शांत राहिले. चिन्हे बरोबर होती. गुणक बरोबर होते. मी रोज खोली उघडून त्याच्यासमोर बसत होतो, आणि रोज काही न सापडता कुलूप लावत होतो. एका दुपारी मी संकेत तोडला आणि उठायच्या ऐवजी तसाच बसून राहिलो. आकडा उतरत गेला. शून्याजवळ आला. तिथे थांबला. शून्य झाला नाही. मी वाट पाहिली. संकेत बंद होता, संवेदक काढून बाजूला ठेवलेला होता, आणि कार्ड सांगत होते की काहीतरी अजून किंचित थरथरते आहे.

अशा लेखात असे काही आले की वाचणारे त्यातून अर्थ काढतात. काढू नयेत. हा आकडा तोडण्यातला दोष आहे. तू फिल्टर घरच्या संगणकावर तपासलास, तिथे आकड्यांना लांबलचक जागा असते. चिपमध्ये जागा थोडी. प्रत्येक गुणाकारानंतर आकड्याचे न मावणारे शेपूट तोडून टाकावे लागते. काठाजवळच्या होडीला तेवढा धक्का पुरतो. ती कधीच पूर्ण थांबत नाही. हे तुझ्या लक्षात आले नाही. मला उमगायला इतके दिवस लागले, यावरून सांगतो: असली चूक कुणी पेरत नाही. ही खरी आहे. ही तू मला दान दिलेली नाहीस.

देसाईंना दाखवले. ते म्हणाले, "एवढंसं तर आहे, साहेब. आणि आता ते गेले. तुम्ही गुपचूप सुधारून द्या, कुणाला कळायचं काय?"

एवढेसे नाही. थांबलेल्या पंपावर कार्ड रोज एवढेसे दाखवू लागले, तर माणसे एवढ्याशाला शून्य समजायला शिकतील. मग एके दिवशी ते एवढेसे खरे असेल आणि फिटर झाकण काढून आत हात घालील. हा तुझाच युक्तिवाद आहे, खोट्या घंटेचा. मी तो विसरलेलो नाही.

आणि गुपचूप तर मुळीच नाही. गुपचूप सुधारणे काय असते ते मी खालच्या बाजूने पाहिले आहे. इलाज मी केला आहे: तोडलेले शेपूट टाकून न देता जपून ठेवायचे आणि पुढच्या आकड्यात मिळवायचे. आता संकेत तोडला की आकडा शून्यावर येतो आणि तिथे राहतो. पण कार्ड बाहेर पाठवण्याआधी दोष ज्याचा, त्याला तो तोंडावर सांगायचा, असा आपल्या दुकानाचा रिवाज आहे. तू तो सोडलास. मी सोडणार नाही. तू मेला आहेस म्हणून मी तुझ्याशी हळू आवाजात बोलणार नाही.

काल दुपारी दोन्ही खोल्यांची दारे उघडी होती. कार्ड टेबलावर होते. मी उभा राहिलो आणि मोठ्याने तो शब्द म्हणालो. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांनी मान वळवून पाहिले. किटली तशीच शेगडीवर आहे. मी तिला हात लावलेला नाही.

मोडलं, हरिश्चंद्र. चहा तुझ्याकडे.